साडेचार हजार लिटरचा दिवस

कडकमावशींना कुणी नावानं हाक मारल्याचं गेल्या पंचवीस वर्षांत तरी कुणी ऐकलेलं नाही. त्यांच्या लाँड्रीत खळ लावलेली चादर भिंतीला टेकवून उभी करावी इतकी ताठ निघायची, आणि बाईंचं बोलणं त्या चादरीहून ताठ. गिऱ्हाइकानं 'जरा लवकर मिळेल का हो?' असं विचारलं की 'मिळेल की, ओले नेता का?' हे उत्तर ठरलेलं. तरी गिऱ्हाईक हलायचं नाही, कारण कापड त्यांच्या हातून परत आलं की नवं वाटायचं.

लाँड्री म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली. रस्त्याकडे शटर, मागे धुण्याची दोन मोठी मशिनं, त्यांच्यामागे जमिनीत बांधलेला हौद, उजवीकडे इस्त्रीची टेबलं. वरच्या मजल्यावर घर आणि त्याच्यावर वाळवणाच्या दोऱ्यांची गच्ची. माणसं चारच. मावशी, व्हॅन चालवणारा मुलगा, पावत्यांपासून तक्रारींपर्यंत सगळं बघणारी सून, आणि बावीस वर्षं इस्त्री फिरवून उजवा खांदा डाव्याहून दोन बोटं खाली गेलेले इस्त्रीदादा.

आता एकेकाला एकेक शौक असतो. कुणाला अत्तराचा, कुणाला पत्त्यांचा. मावशींना होता रबरी नळीचा. रोज सकाळी सहाला शटर वर गेलं की मावशी नळी हातात घ्यायच्या, अंगठा तोंडाशी दाबायच्या, आणि मागच्या भिंतीपासून पुढच्या पायरीपर्यंत सगळी फरशी धुऊन काढायच्या. पाणी असं सुटायचं की समोरचा चपलांचा दुकानदार आपलं पायपुसणं उचलून आत पळायचा. अर्धा तास हा सोहळा चाले. तेवढा वेळ त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, आणि तेवढाच वेळ त्यांचा चेहरा मऊ असायचा.

का, ते सूनबाईला लग्नानंतर चार वर्षांनी कळलं. मावशींचं लहानपण गेलं ते एका सार्वजनिक नळाच्या गल्लीत. नळाला दिवसातून दोन तास पाणी, आणि आई लोकांचे कपडे धुऊन घर चालवायची. रांगेत आईचा नंबर तिसरा. पहिला पाववाल्याचा, दुसरा दूधवाल्याचा, तिसरा आईचा. ऊन असो वा थंडी, तो नंबर तिनं कधी सोडला नाही. मिळालेल्या पाण्यात तीन टपं भरायची आणि सगळ्या गल्लीचे कपडे काढायचे. एकदा खेळता खेळता मावशींचा पाय लागून तिसरं, सगळ्यात स्वच्छ पाण्याचं टप उलटलं. आईनं मारलं नाही. ओल्या जमिनीकडे बघत मटकन खाली बसली आणि रडली. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मावशी साठीला आल्या तरी म्हणायच्या. लग्न होऊन सासरी आल्या, घरात स्वतःचा नळ बघितला, तेव्हा पहिल्या दिवशी तो उघडून पाव तास नुसत्या बघत उभ्या राहिल्या होत्या.

अशा बाईच्या दारात नगरपालिकेचं पत्र आलं.

सूनबाईनं ते उभ्या उभ्या वाचलं आणि खुर्चीत बसून पुन्हा वाचलं. म्हणाली, "आई, एका हातात छडी आणि एका हातात साखर आहे. आधी काय सांगू?"

"छडी सांग. साखर काय, पळून जाते का?"

छडी अशी. शहरातल्या प्रत्येक धंदेवाईक लाँड्रीनं पाण्याचा वापर निम्म्यावर आणायचा. एक दिवस परीक्षा होईल, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. त्या दिवशी नेहमीइतकेच कपडे धुवायचे, पण निम्म्या पाण्यात. नापास झालात तर तुमचा नळ अर्ध्या इंचावर येईल, आणि फेरपरीक्षा सहा महिन्यांनी. अर्ध्या इंचाचा नळ म्हणजे काय, हे मावशींना कुणी समजावून सांगायला नको होतं. एक मशीन भरायला तासभर. दवाखान्याच्या चादरी संध्याकाळच्या आत गेल्या नाहीत की दवाखाना दुसरी लाँड्री बघणार, आणि दवाखाना गेला की राहिलं काय? बाजारातली एक लाँड्री अशीच नापास झाली होती. दोन महिन्यांत तिथं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आलं.

साखर अशी. जो पास होईल त्याच्या गच्चीवरच्या सौर पॅनेलचा अर्धा खर्च नगरपालिका उचलणार, आणि पॅनेल बसवायला नंबरही पहिला लागणार.

हे ऐकून इस्त्रीदादांनी इस्त्री उभी ठेवली. विजेवर त्यांचा जुना राग. उशीच्या अभ्र्याचं एक टोक झालं की वीज जायची. मग दादा "गेली!" असं काही ओरडायचे, की रस्त्यावरच्या माणसाला वाटावं कुणी माणूसच गेलं. मशिनातले कपडे साबणात तसेच बसायचे आणि मावशी सगळ्या जगाचा उद्धार करायच्या. दादा म्हणाले, "म्हणजे सूर्य असेपर्यंत माझी इस्त्री गरम? मावशी, मी पाण्याचा घोटही घेणार नाही त्या दिवशी, पण हे जमवाच!"

सूनबाई तर त्याच दुपारी खडू घेऊन गच्चीवर गेली आणि बारा पॅनेलच्या बारा चौकटी आखून आली. मावशी चादरी वाळत घालायला वर गेल्या, चौकटी बघितल्या आणि म्हणाल्या, "बाजारात तुरी!" पण त्या दिवशी त्यांनी चौकटींवर पाय न देता चादरी वाळत घातल्या, हे सूनबाईनं जिन्यातून बघितलं.

रोजचे कपडे सहाशे किलो. पन्नास-पन्नास किलोच्या बारा खेपा. प्रत्येक खेपेला तीन पाणी लागायचं, एक साबणाचं आणि दोन खळबळायची, दर वेळी अडीचशे लिटर. दिवसाला नऊ हजार. म्हणजे परीक्षेला साडेचार हजार. सूनबाईनं नगरपालिकेचं रंगीत पत्रक टेबलावर पसरलं. त्यात तीन टाक्या आणि उलटसुलट बाण होते.

"हे बघा आई, नवीन पद्धत आहे. ताजं पाणी फक्त शेवटच्या खळबळीला. ते फेकायचं नाही, ते पुढच्या खेपेच्या पहिल्या खळबळीला वापरायचं. आणि तिथून निघालेलं पाणी त्याच्या पुढच्या खेपेच्या साबणाला. पहिली खेप सोडली तर प्रत्येक खेपेला अडीचशेच ताजं लागतं!"

मावशींनी पत्रकातल्या बाणांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "नवीन? अगं, ही माझ्या आईची तीन टपं आहेत. तिला बाण काढता येत नव्हते, एवढंच."

त्या दिवसापासून बाई पेटल्या. दोन काळ्या टाक्या आल्या, पाइप आले. साबणाचं पाणी गटारात सोडण्याआधी गाळ बसवायला हौदाचे दोन कप्पे केले, मधे वाळूचा थर घातला. गवंडी फरशी दुरुस्त करायला आला तेव्हा त्यानं एक घोळ घातला. उतार गटाराकडे द्यायचा तो हौदाकडे दिला. मावशींनी त्याची जी काही हजामत केली ती चपलांच्या दुकानदारानं अर्धं शटर ओढून ऐकली. पण सिमेंट बसलेलं होतं आणि परीक्षा जवळ आली होती. उतार तसाच राहिला.

महिनाभर रोज सराव. मशिनाच्या पाण्याच्या पातळीची काच कधीच धुरकट होऊन गेली होती, तिच्यातून दिसायचं काही नाही. मावशी मशिनाला कान लावून व्हॉल्व्ह बंद करायच्या. पाण्याचा आवाज आधी ढबढब, मग घळघळ, मग एकदम बारीक होतो. तो बारीक झाला की अडीचशे भरले. सूनबाईनं मीटर लावून सात वेळा तपासलं. चूक निघाली ती कधी दोन लिटरची, कधी तीन. तिनं सासूला नमस्कारच केला. सगळा हिशोब बसला. साडेतीन हजारांत काम होणार आणि हजार लिटर हाताशी राहणार होते.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी नगरपालिकेचा माणूस नवं आकड्यांचं मीटर बसवून गेला. सकाळी सहाला ते आपोआप शून्यावर येणार होतं. हौद घासून रिकामा केला होता. सूनबाई याद्या करत जागत बसली होती, म्हणून सकाळी मुलगा तिला उठवायला निघाला तेव्हा मावशी म्हणाल्या, "झोपू दे रे पोरीला. महिनाभर राबलीय. आठला मशिनं सुरू करायचीत, तोवर आपण काय करणार आहोत?" सहानंतर कुणी झोपलेलं न खपणारी ही बाई. एवढ्या वर्षांत एकदाच मन मऊ केलं, आणि तेही नेमकं त्या दिवशी!

कारण सूनबाई झोपलेली, आणि खाली पाहुणे येणार. कोण? तर तपासनीसबाई. दिवसभर बसणार. अहो, घरी साधा पोस्टमन येणार म्हटलं तरी पायरी पुसणारी ही माणसं! मावशींनी नळी उचलली. फरशी धुतली. पाहुणे येणार म्हणून पुन्हा धुतली. भिंती धुतल्या. मशिनांच्या पोटाखाली नळी घालून तिथली वर्षाची घाण काढली. मुलानं व्हॅन चकाचक केली. दादांनी शटर धुतलं, पायरी धुतली, टेबलांचे पाय धुतले. पिण्याच्या पाण्याचं स्टीलचं पिंप घासून काठोकाठ भरलं. कुणाच्या डोक्यात आलं नाही का? नाही आलं! लाँड्रीत पाणी म्हणजे मशिनातलं पाणी. महिनाभर सराव मशिनांचा केला, मोजलं ते मशिनांचं. फरशी धुणं म्हणजे काय पाणी वापरणं झालं का? ती तर स्वच्छता.

पावणेआठला सूनबाई केस बांधत खाली आली. फरशी आरशासारखी चमकत होती. तिघं नवरीकडच्या मंडळींसारखे ओळीत उभे होते.

"कशी दिसतेय?" मावशींनी विचारलं.

सूनबाई दाराशेजारच्या मीटरकडे गेली आणि तिथंच भिंतीला धरून उभी राहिली.

"पंधराशे," ती म्हणाली. "आई, पंधराशे लिटर झालेत. अजून एक रुमाल धुतला नाही आपण."

तिघांच्या तोंडचं पाणी पळालं. पंधराशे हे आणि साडेतीन हजार कपड्यांचे, म्हणजे पाच हजार. पाचशे वर. नापास. मावशींच्या हातातली नळी अजून ठिबकत होती. त्यांनी तिच्याकडे असं बघितलं, की साप हातात आहे हे आत्ताच कळलं असावं.

मुलगा म्हणाला, "मीटर बिघडलंय म्हणून सांगू. नवीनच तर आहे."

"गप! खोटं धुऊन निघत नाही," मावशी म्हणाल्या. मग नळी खाली ठेवून त्या मशिनाशेजारच्या स्टुलावर बसल्या. ओल्या फरशीकडे बघत. पन्नास वर्षांपूर्वीची ती उलटलेल्या टपासमोर बसलेली बाई त्यांना दिसत होती, आणि आपण आज टप नाही, अख्खी लाँड्री उलटवली हे कळत होतं. दादांनी सवयीनं "गेली!" म्हणायला तोंड उघडलं, पण मावशींचा चेहरा बघून मिटलं.

सूनबाई जवळ बसली. "चूक माझी आहे आई. आज फरशीला नळी लावायची नाही, हे मी कागदावर लिहिलं होतं, सांगितलं नव्हतं."

मावशींचं लक्ष नव्हतं. त्या फरशीवरच्या पाण्याकडे बघत होत्या. पाणी थेंबाथेंबानं सरकत होतं. पण कुठं? गटाराकडे नाही. मागे. हौदाकडे.

मावशी ताडकन उठल्या. स्टूल पडलं. हौदाचं झाकण त्यांनी एकटीनं ओढलं, एरवी त्याला दोन माणसं लागायची. पहिल्या कप्प्यात गढूळ पाणी होतं. आणि वाळूपलीकडच्या दुसऱ्या कप्प्यात, दीड तासात झिरपून आलेलं, तळ दिसेल असं नितळ, गुडघाभर पाणी.

"गवंड्या, तुझ्या तोंडात साखर पडो!" मावशी ओरडल्या. "अगं, गेलं नाही पाणी! घरातच आहे! ताजं जास्त लागतं ते पहिल्या खेपेला, बरोबर? तिला आधीचं पाणी नसतं म्हणून. साबणाचे अडीचशे, पहिल्या खळबळीचे अडीचशे..."

"पाचशे!" सूनबाई किंचाळली. "आई, पाचशेच वर होते! ते इथून घेतले तर... पंधराशे आणि बारा खेपांचे तीन हजार... साडेचार! बरोब्बर साडेचार!"

"चादरींना नाही हं हे पाणी. पहिली खेप गॅरेजच्या कपड्यांची. ग्रीसला कसले आलेत नखरे!"

तेवढ्यात तपासनीसबाई आल्या. तिशीची बाई, खांद्याला पिशवी, हातात तक्ते. चमकणारी फरशी बघितली, मीटर बघितलं, आणि सगळं समजल्यासारखी मान हलवली. मावशींनी काही न लपवता सांगून टाकलं. पाणी कुठं गेलं, कुठं सापडलं, आता काय करणार. तपासनीसबाईंनी नियमांची पानं उलटली. "बाहेरून पाणी आणायचं नाही. मीटरमधून एकदा आत आलेलं पाणी तुम्ही कितीही वेळा फिरवा, नियमात बसतं. पण मावशी, साडेचार हजारांच्या वर एक लिटर गेला तरी मला नापासच लिहावं लागेल."

"लिहा की. तुमचं पेन, आमची कंबर," मावशी म्हणाल्या, आणि पहिलं मशीन सुरू झालं.

काय दिवस गेला तो! सूनबाई मीटरपाशी उभी राहून आकडे ओरडायची, मुलगा टाक्यांचे कॉक फिरवायचा, मावशी मशिनाला कान लावून व्हॉल्व्हवर. गॅरेजचे कपडे निघाले, पायपुसणी निघाली, मग दवाखान्याच्या चादरी सुरू झाल्या. शेवटचं पाणी पुढच्याचं पहिलं, पहिलं त्याच्या पुढच्याचं साबणाचं. तीन टपं अडीचशे लिटरची झाली होती, एवढाच फरक. चहा झाला नाही. मावशी चहाशिवाय दुपारपर्यंत कधी राहिल्या नव्हत्या. अकराला त्यांचं डोकं चढलं, बाराला त्या मशिनाला शिव्या देऊ लागल्या. दादांनी तर शब्द पाळला, थेंब घेतला नाही. पिंपातलं पाणी फक्त तपासनीसबाई प्यायल्या, दोन ग्लास, आणि तेही सगळे बघत असताना, म्हणजे घोट घशात अडकावा असं. चपलांचा दुकानदार आपलं गिऱ्हाईक सोडून दारात येऊन उभा. दर खेपेला बाहेर आकडा सांगायचा आणि रस्त्यावरची दोन-चार माणसं "अरे वा!" म्हणायची. देव पाण्यात घालून बसावं म्हटलं, तर तेवढंही पाणी शिल्लक नव्हतं.

पाचला अकरावी खेप निघाली. उरली एक. दवाखान्याच्या शेवटच्या चादरी. साबण झाला, पहिली खळबळ झाली. राहिलं शेवटचं ताजं पाणी, अडीचशे. सूनबाईनं मीटर वाचलं, डोळे चोळले, पुन्हा वाचलं.

"चार हजार दोनशे बासष्ट," ती म्हणाली. "बासष्ट कसे? पन्नास पाहिजेत. बारा लिटर जास्त गेलेत."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मावशींनी आपल्या हातांकडे बघितलं. खेपेला मळके कपडे आत टाकले की नळाखाली हात धरायचा, ही पंचवीस वर्षांची सवय. दिवसभर धरत होत्या. बारा वेळा. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, त्यांच्याही नाही.

"मीच," मावशी म्हणाल्या. "सकाळीही मीच आणि आताही मीच. माझ्याच हातानं."

मुलगा म्हणाला, "थोडं कमी पाणी भरू."

"दवाखान्याच्या चादरी आहेत. आजारी माणसाच्या अंगाखाली साबण राहू द्यायचा? त्यापेक्षा नळ जाऊ दे."

आणि त्या क्षणी, बरं का, इस्त्रीदादा खोकले. दिवसभराचा कोरडा घसा. खोकता खोकता त्यांचा हात सवयीनं पिंपाकडे गेला, आणि शब्द आठवून तसाच थांबला. मावशींनी तो हात बघितला. मग पिंप बघितलं.

"दादा," त्या हळूच म्हणाल्या, "ते पिंप सकाळी भरलं ना? सहानंतर?"

"हो."

"मीटर सुरू झाल्यावर?"

"हो की."

मावशी गर्रकन तपासनीसबाईंकडे वळल्या. "मोजलेलं पाणी आहे हे, बाई. पंधराशातलं. स्वच्छ, पिण्याचं. पंधरा लिटरचं पिंप, तुम्ही फक्त दोन ग्लास प्यायलात. चालेल?"

तपासनीसबाईंनी नियमांची पानं हातात घेतली आणि न उलटताच खाली ठेवली. "मीटरमधून एकदा आत आलंय. प्या नाहीतर घाला, नियमाला फरक पडत नाही." मग एकदम नियम विसरून म्हणाल्या, "घाला हो, घाला! मिनिटं चाललीयत!"

दादांनी आणि मुलानं पिंप उचलून मशिनात ओतलं. मावशींनी व्हॉल्व्ह उघडला आणि कान मशिनाला लावला. सूनबाई मीटरवरून ओरडत होती. "चारशे!... साडेचारशे!... चारशे ऐंशी!" रस्ता गप्प झाला होता. पाणी घळघळत होतं, अजून बारीक व्हायचं होतं. "नव्वद!... पंच्याण्णव!" मावशींनी डोळे मिटले. आवाज बारीक झाला. त्यांनी व्हॉल्व्ह असा आवळला की मनगटातून कळ निघाली.

"नव्व्याण्णव," सूनबाई म्हणाली. "थांबलं. चार हजार चारशे नव्व्याण्णव. थांबलं, आई!"

सहाला पाच मिनिटं असताना चादरी निघाल्या. तपासनीसबाईंनी शेवटच्या पाण्यात कागदाची पट्टी बुडवली. पट्टीचा रंग बदलला नाही. साबणाचा अंश नव्हता. त्यांनी फॉर्मवर 'उत्तीर्ण' लिहिलं आणि मग काय विचारता! दुकानदारानं समोरून आरोळी ठोकली, मुलानं दादांना उचललं, दादा "आली! आली!" म्हणून नाचायला लागले. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून 'गेली'ऐवजी 'आली' निघालं. सूनबाई सासूच्या गळ्यात पडली आणि सासू रडली. कडकमावशी रडल्या! दुकानदार पुढं महिनाभर ते सांगत होता.

गोंधळ शमल्यावर तपासनीसबाई फॉर्म पुरा करायला बसल्या. खाली एक रकाना होता. 'पद्धत सुचवणाऱ्या मार्गदर्शकाचं नाव.'

सूनबाई म्हणाली, "आईंचं लिहा."

"माझं नको," मावशी म्हणाल्या. "माझ्या आईचं लिहा." आणि त्यांनी आईचं पूर्ण नाव सांगितलं. सावकाश, एकेक अक्षर नीट. ते नाव आजवर कुठल्या कागदावर नव्हतं. रेशनच्या कार्डावरही बापाचंच होतं. सूनबाईनंसुद्धा ते पहिल्यांदाच ऐकलं.

तपासनीसबाईंनी लिहिलं. "पत्ता?"

ती गल्ली कधीच पाडली गेली होती. "लिहा," मावशी म्हणाल्या. "सार्वजनिक नळ. रांगेत तिसरा नंबर."

तपासनीसबाईंनी पेन थांबवलं, वर बघितलं. मग खाली मान घालून तेही लिहिलं, आहे तसं.

दीड महिन्यात खडूच्या चौकटींवर पॅनेल बसली. आता शेजारपाजारची वीज गेली तरी दादांची इस्त्री गरम असते आणि ते मुद्दाम रस्त्यावर जाऊन विचारतात, "तुमच्याकडे गेली का हो?" फरशी बादली-पोछ्यानं पुसली जाते. रबरी नळी मावशींनी गवंड्याला देऊन टाकली, वर एक खळीचा सदराही. प्रमाणपत्र मीटरच्या वर भिंतीला लावलंय. मार्गदर्शक म्हणून आईचं नाव आणि खाली तो पत्ता, छापील अक्षरांत. सकाळी सहाला शटर वर गेलं की मावशी आधी त्या काचेवरून एक कोरडं फडकं फिरवतात, आणि मग दिवस सुरू होतो.